हिंदुस्थानांतील चित्त्याचा निर्वंश

राजघराण्यांच्या निर्वंशाच्या कथा आमच्या बखरींत पुष्कळ आहेत. परंतु ज्या जनावरानें शेंकडों वर्षें राजदरबारीं मान मिळविला, त्याचा निर्वंश कसा झाला हें सांगणारी बखर कोणीं लिहिली नाहीं. तें जनावर म्हणजे चित्ता. त्याची आशियांतील जात आज इराणच्या रुक्ष मुलखांत तेवढी मूठभर उरली आहे. हिंदुस्थानांतून ती समूळ गेली. तिला कोणीं मारलें, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं, आणि त्याचें उत्तर केवळ चित्त्यापुरतें नाहीं. म्हणून त्याचा येथें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बोलण्यांत पुष्कळ लोक बिबट्यासच चित्ता म्हणतात. पण दोघांत मोठा भेद आहे. बिबट्याच्या अंगावर कड्यांसारखीं वर्तुळें असतात. चित्त्याच्या अंगावर सुटे, भरीव काळे ठिपके असतात आणि डोळ्यापासून ओठापर्यंत आसवाच्या ओघळासारखी एकेक काळी रेघ उतरलेली असते. बिबट्या दबा धरून झडप घालतो. चित्ता उघड्यावर हरणाचा पाठलाग करतो. त्याचा वेग तासाला शंभर किलोमीटरच्या घरांत जातो, पण तो कांहीं शें मीटरांपलीकडे टिकत नाहीं. त्याला दाट रान नको. गवताळ माळ आणि त्यावर काळवीट व चिंकारा पाहिजेत. माणसाच्या वाटेस तो सहसा जात नाहीं.

त्याच्या अंताची प्रसिद्ध कथा अशी. आतां छत्तीसगडांत मोडणाऱ्या कोरिया संस्थानचे अधिपति महाराज रामानुजप्रताप सिंहदेव यांनीं १९४७ सालीं एका रात्रीं तीन चित्ते गोळ्या घालून मारले. तिन्ही नर होते. ही हकीकत मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत आली, तेव्हां ती छापतांना संपादकांनीं आपला निषेध नोंदविला. पुढें १९५२ सालीं चित्ता या देशांतून नष्ट झाल्याचें सरकारनें जाहीर केलें. हें सर्व खरें आहे, आणि त्या रात्रीच्या कृत्याचें समर्थन आम्हांस करावयाचें नाहीं. परंतु ज्या जातीचें अस्तित्व कांहीं गोळ्यांवर येऊन ठेपतें, ती जात त्यापूर्वींच मरणपंथास लागलेली असते. शेवटच्या पानावरून सगळ्या ग्रंथाचा निवाडा करणें इतिहासाच्या अभ्यासकास शोभत नाहीं.

मागचीं पानें उलटलीं म्हणजे निराळेंच चित्र दिसतें. चित्त्याकडून हरणांची शिकार करविण्याचा नाद या देशांत फार जुना. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत या मृगयेचा उल्लेख सांपडतो. मोंगलांच्या काळीं या नादास भरती आली. अबुल फझलच्या 'आईन-इ-अकबरी'त चित्ते पकडण्याच्या रीती, त्यांच्या प्रतवाऱ्या व त्यांना रोज द्यावयाचें मांस या सर्वांची नोंद आहे. बादशहाच्या आवडत्या चित्त्यापुढें नगारा वाजत असे. आपल्या बापानें एके काळीं एक हजार चित्ते बाळगले होते, असें जहांगीर आपल्या आत्मचरित्रांत सांगतो.

निर्वंशाचें मूळही याच आत्मचरित्रांत हातीं लागतें. इतके चित्ते जवळ असतां त्यांची वीण व्हावी ही अकबराची इच्छा सफळ झाली नाहीं. जहांगीराच्या कारकीर्दींत, १६१३ च्या सुमारास, एक नर गळपट्टा सोडवून मादीकडे गेला व तिला तीन पिल्लें झालीं. ही गोष्ट त्यानें नवल म्हणून लिहून ठेविली. त्यानंतर बंदिवासांत चित्त्याची वीण झाल्याची प्रसिद्ध नोंद एकदम १९५६ सालची, अमेरिकेंतील फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयांतील. घोडा, बैल, कुत्रा यांचा वंश माणसाच्या दारीं वाढतो. चित्त्याचा वाढत नसे. म्हणून दरबारांतला प्रत्येक चित्ता रानांतून धरून आणावा लागे, आणि तो मेला कीं दुसरा. त्यांतही पिल्लूं उपयोगाचें नसे. शिकारीचें शिक्षण तें आईपाशीं घेतें. सबब पारधी जाणते चित्तेच शोधीत. ज्या झाडाशीं चित्ते वरचेवर येऊन नख्या घांसतात, त्याच्या भोंवतीं तातीचे फांस मांडून ते त्यांना धरीत. अशा रीतीनें, पुढची पिढी ज्यांनीं वाढवावयाची तेच चित्ते रानांतून कमी होत गेले. व्याजावर न भागवितां मुद्दलच खर्चीं पडत होतें. आणि हें वैरानें नव्हे, आवडीनें झालें.

इंग्रजी अमदानींत ही आवडही ओसरली. चित्ता हिंस्र पशूंत गणला जाऊन त्याच्या वधाबद्दल बक्षिसें मिळूं लागलीं. बंदुकीनें काळवीट विरळ केलें. नांगरानें माळ फोडले. ज्या जमिनींतून सारा येत नाहीं ती 'पडीक', अशी महसुली दप्तराची दृष्टि. तींत गवत, हरीण व चित्ता यांना जागाच नव्हती.

या अवस्थेचा पुरावा आमच्या महाराष्ट्रांतच आहे. शाहू छत्रपति व त्यांच्यामागून राजाराम महाराज यांच्या वेळीं कोल्हापूरची चित्त्यांची शिकार नांवाजलेली होती. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला गाडींतून माळावर नेत, आणि कळप दृष्टीस पडला कीं टोपी काढून त्यास सोडीत. त्यांना सांभाळणाऱ्या माणसांस चित्तेवान म्हणत. पण हे चित्ते कोठले? आफ्रिकेंतले. १९१८ ते १९४५ या अवधींत सुमारें दोनशें चित्ते या देशांतील संस्थानिकांनीं आफ्रिकेंतून आणविले. या जनावराचें इंग्रजी नांव हिंदुस्थानच्या भाषेंतून गेलेलें. तेंच जनावर हिंदुस्थानाला परखंडांतून आणावें लागलें. कोरियाच्या त्या रात्रीपूर्वीं निकाल लागून चुकला होता, तो असा.

आतां चित्ता पुन्हां आणला आहे. २०२२ च्या सप्टेंबरांत नामिबियांतून आठ व २०२३ च्या फेब्रुवारींत दक्षिण आफ्रिकेंतून बारा चित्ते मध्यप्रदेशांतील कुनो राष्ट्रीय उद्यानांत आले. त्यांतील कांहीं दगावले. कांहींना येथें पिल्लेंही झालीं. हा उद्योग सफळ व्हावा, असेंच आम्ही इच्छितों. परंतु जनावर आणणें आम्हांस पूर्वींही साधत होतें. संस्थानिकांनीं तें करून दाखविलें आहे. साधलें नाहीं तें त्याचें घर राखणें. सोलापूरजवळ नान्नज येथें माळढोक पक्ष्यासाठीं १९७९ सालीं अभयारण्य झालें. आज तेथें माळढोकाचें दर्शन दुर्मिळ झालें आहे. सगळ्या जगांत हे पक्षी दीडशेंच्या आसपास उरले असून बहुतेक राजस्थानांत आहेत, आणि तेथेंही विजेच्या तारांवर आदळून मरतात. त्याच माळावरचे लांडगा व तणमोर यांची स्थितिही चिंतेची आहे. यांना धरावयास आज कोणी बादशहाचे पारधी येत नाहींत. त्यांचा माळ मात्र अजून 'पडीक' या सदराखालींच पडतो, आणि जोंवर तो त्या सदरांत आहे, तोंवर चित्त्याचा इतिहास पुरा झाला असें आम्हांस म्हणवत नाहीं.