दवंडी कोण पिटतंय?

ग्रीसच्या नाक्सोस बेटावर काही घराण्यांत मूल जन्मतं तेच मेंढीच्या लोकरीसारखे दाट, राठ, कुरळे केस घेऊन. ते रांगू लागलं, वस्तू मुठीत धरू लागलं, की तळहातांची आणि तळपायांची कातडी जाड होत जाते. इथवर कुणाला फार काळजी वाटू नये. पण वयात येता येता हृदयाचे ठोके चुकू लागतात आणि एखादं धडधाकट पोर उभ्या उभ्या कोसळतं. केस, कातडी आणि काळीज यांचं हे नातं निकोस प्रोतोनोतारिओस, अदालेना त्सात्सोपूलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली वैद्यकीय नियतकालिकात मांडलं.

दाहाचा संदेश अडवून उंदरांमधला हृदयस्नायूचा आजार थोपवल्याचा प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्याचं कूळ शोधायला निघालं की एक मूळ या बेटावर सापडतं. दुसरं सापडतं अमेरिकेत, हृदयाशी काडीचाही संबंध नसलेल्या प्रयोगशाळेत. सालही तेच, १९८६.

आधी बेटाकडचं मूळ. हृदयाचा हा आजार एकट्या नाक्सोसचा नव्हे. पॅरिसमध्ये गी फोंतेन आणि त्यांचे सहकारी सत्तरच्या दशकापासून उजव्या जवनिकेच्या या विचित्र दुखण्याबद्दल लिहीत होते, आणि १९८२ साली फ्रँक मार्कस यांच्यासोबत त्यांनी २४ प्रौढ रुग्णांची हकीकत छापली. १९८८ साली पादुआच्या गाएतानो थिएने यांनी इटलीच्या व्हेनेतो भागात पस्तिशीच्या आत अचानक दगावलेल्या ६० जणांची हृदयं तपासली. त्यांतल्या १२ हृदयांत हाच आजार निघाला. स्नायूच्या जागी चरबी आणि चिवट तंतू भरले होते.

हे का होतं, ते कळायला पुन्हा नाक्सोसच उपयोगी पडलं. २००० साली तिथल्या कुटुंबांत दोष सापडला तो प्लाकोग्लोबिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात. त्यातली दोन अक्षरं गळलेली होती. हे प्रथिन पेशीला पेशी जोडणाऱ्या टाक्यांमध्ये असतं. या टाक्यांना डेस्मोसोम म्हणतात. ज्या अवयवांवर सतत ताण येतो तिथे ते भक्कम लागतात, म्हणजे कातडीत आणि हृदयात. बाळ हात-पाय वापरू लागल्यावरच कातडी का जाडावते, तेही यातून उलगडतं. गोधडीचे टाके कच्चे असले तर घडी करून ठेवलेली गोधडी वर्षानुवर्षं टिकते, पांघरायला काढली की उसवते. हृदयाची गोधडी मात्र एक क्षणही घडी घालून ठेवता येत नाही. उसवलेल्या जागी शरीर ठिगळ लावतं, आणि त्या ठिगळातून विजेचा संदेश सरळ जात नाही. म्हणून ठोके चुकतात.

चित्र पुरं झाल्यासारखं वाटलं. पण एक साक्षीदार डोळ्यांसमोर असून त्याला कुणी फारसं विचारलं नव्हतं. पादुआच्याच क्रिस्तिना बास्सो यांनी १९९६ साली अशा ३० हृदयांचा अभ्यास छापला, तेव्हा दोन-तृतीयांश हृदयांत दाहक पेशींचे पुंजके दिसले होते. जळालेल्या घरापाशी बंब उभा दिसला म्हणून आग बंबाने लावली असं आपण म्हणत नाही. स्नायू मेला, म्हणून साफसफाईला पांढऱ्या पेशी आल्या, असा अर्थ लावणं सोपं होतं. मला त्यात कुणाचा मोठा दोष दिसत नाही. हृदय टेबलावर येतं तेव्हा आधी काय आणि नंतर काय झालं ते सांगणारं कुणी उरलेलं नसतं.

आता दुसरं मूळ. बोस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना एक साधी गोष्ट हवी होती: प्रतिपिंडाचा ‘कप्पा’ नावाचा तुकडा बनवणारं जनुक बी-पेशीत कोण चालू करतं? पेशीकेंद्रात त्यांना त्या जनुकाच्या कळीवर बसणारं प्रथिन मिळालं. केंद्रातला घटक, कप्पावर बसणारा, बी-पेशीतला. म्हणून नाव एनएफ-कप्पा-बी. त्याच वर्षीच्या दुसऱ्या लेखात कळलं की इतर पेशींमध्येही तो असतो, फक्त निजलेला. आणि त्याला उठवायला नवं प्रथिन बनवावं लागत नाही. १९८८ साली बाल्टिमोर आणि पॅट्रिक बॉयर्ले यांनी त्याचं कुलूपही शोधलं: एक दुसरं प्रथिन त्याला केंद्राबाहेर धरून ठेवतं. जंतू आला, जखम झाली, की कुलूप मोडतं, हा आत शिरतो आणि दाहाची दवंडी पिटणारी जनुकं एकामागून एक चालू करतो. नाव मात्र कप्पाचं आणि बी-पेशीचंच राहिलं. आपल्याकडे गावावरून ‘कर’ लागतं आणि घराणं ते गाव कधीच सोडून गेलेलं असतं, तसं.

कुळात एक वाया गेलेला काकाही आहे. हृदय कमकुवत झालेल्यांच्या रक्तात टीएनएफ हा दाहदूत वाढलेला असतो, असं १९९० साली दिसलं. मग त्यालाच पकडावं, हा विचार ओघानेच आला. पण एटॅनरसेप्टच्या मोठ्या चाचण्या २००१ साली थांबवाव्या लागल्या, कारण फायदाच दिसेना. इन्फ्लिक्सिमॅबची १५० रुग्णांवरची चाचणी तर उलटली: जास्त मात्रेच्या गटात मृत्यू आणि हॉस्पिटलच्या फेऱ्या वाढल्या. रक्तात फिरणारा दवंडीवाला धरला, पण दवंडी कुणाच्या हुकमाने आणि कुठून पिटली जातेय ते पाहिलंच नाही, असं माझं मत. पुढे २०१७ साली १०,०६१ जणांच्या चाचणीत दुसऱ्या एका दूताला अडवून हृदयविकाराचे झटके थोडे कमी झाले खरे. त्याचबरोबर जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले.

या दोन मुळांची गाठ पडली ती स्टीफन चेल्को, जेफ्री सॅफिट्झ आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या प्रयोगात. त्यांचे उंदीर टाक्यातल्या दुसऱ्या प्रथिनात, डेस्मोग्लीन-२ मध्ये, दोष असलेले होते. त्यांना बे ११-७०८२ हे कुलूप मोडू न देणारं रसायन दिलं, तर स्नायूंचं मरणं, तंतू भरणं, हृदयाचं दुबळं होणं, सगळं थोपलं. उंदरांच्या जोडीला त्यांनी बशीतल्या पेशीही तपासल्या. नाक्सोसचीच दोन गळलेली अक्षरं उंदीरवर्गातल्याच रॅटच्या हृदयपेशींत घालून पाहिली. एका रुग्णाच्या पेशींपासून हृदयपेशीही वाढवल्या. बशीत ना रक्त, ना पांढऱ्या पेशी. तरी त्या हृदयपेशी, कुणी न डिवचता, दाहाचे दूत बाहेर सोडत होत्या. म्हणजे बंब नंतर येतो हे खरंच, पण त्याला फोन घरातूनच जातो, आणि फोन एकदा लागला की थांबत नाही.

२०२४ च्या लेखात याच मंडळींनी रसायन बाजूला ठेवून फक्त हृदयपेशींतला एनएफ-कप्पा-बी जनुकीय युक्तीने अडवला. बाहेरून बोलावलेल्या, मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी तेवढ्यानेच कमी झाल्या.

उंदरांवर वापरलेलं बे ११-७०८२ माणसाला देण्याजोगं नाही. ते इतर कितीतरी प्रथिनांनाही चिकटतं. शिवाय साऱ्या शरीरातली दवंडी बंद केली तर साध्या जंतूशीही लढता येणार नाही. त्यामुळे लोकरी केसांचं पोर मोठं होऊन तपासायला आलं की डॉक्टर आजही त्याला दमछाक करणारे खेळ सोडायला सांगतात, ठोके आवरणारी औषधं देतात, आणि धोका जास्त वाटला तर छातीत, कातडीखाली, झटका देणारं यंत्र बसवतात.