फुजीचे क्षेत्रोपाध्ये

जपानातील फुजी पर्वताच्या उत्तर पायथ्याला जी पाच सरोवरे पसरली आहेत, त्यांच्या घडणीत त्या पर्वताच्याच अग्नीचा हात आहे, इ. स. ८६४ मध्ये त्याच्या कुशीतून वाहिलेल्या लाव्ह्याने सेनोउमी नावाचा विस्तीर्ण जलाशय बुजवीत आणला, आणि जे पाणी उरले त्याची साई व शोजी ही दोन सरोवरे झाली. पुढे १७०७ साली ज्या होएई उद्रेकाची राख एदोवर, म्हणजे आजच्या टोकियोवर, येऊन पडली, त्यानंतर हा ३,७७६ मीटर उंचीचा पर्वत जो निजला तो अद्याप उठलेला नाही. वेधशाळेच्या दप्तरी मात्र त्याची नोंद जागृत अशीच आहे.

पर्वत निजला आणि त्याच्यावरची वर्दळ वाढली. एदोतील कारागीर व दुकानदार 'को' नावाची मंडळे स्थापून वर्गणी जमवीत, आणि चिठ्ठीत ज्यांची नावे निघत ते सर्वांच्या वतीने शिखरावर जात. यांची सोय पाहणारे योशिदा गावातील 'ओशी' म्हणजे निव्वळ खानावळवाले नव्हेत. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांची बाडे ज्यांनी चाळली आहेत त्यांना या वंशपरंपरागत यजमानवृत्तीची ओळख पटायला वेळ लागणार नाही. हिवाळ्यात ओशी यजमानांच्या दारी जाऊन अंगारे-ताईत देत व दक्षिणा घेत. उन्हाळ्यात तेच यजमान त्यांच्या दारी येत. तोगावा घराण्याचा वाडा आजही पाहावयास मिळतो: हमरस्त्यापासून आत गेलेली अरुंद बोळ, ती ओलांडणारा पाण्याचा पाट, आणि अगदी आतल्या खणात देवघर. पाटावर शुद्ध होऊन, शुभ्र वस्त्रे नेसून, हातात काठी घेऊन यात्रेकरू पहाटे निघे. कोणी अधिक श्रद्धाळू असल्यास आधी सरोवरांची स्नाने उरकी. वाटेवर पर्वतपट्टीही भरावी लागे, ती मामुल म्हणून कोणी कुरकुर न करता भरी.

या पंथाला खरी धग दिली ती जिकिग्यो मिरोकू या तेलाच्या व्यापाऱ्याने. १७३३ साली, एदोत धान्याच्या महागाईने लोक हवालदिल झाले असता, त्याने योशिदाच्या वाटेवरील एका खडकाशी प्रायोपवेशन करून देह ठेवला. तानाबे नावाचा ओशी रोज त्याच्याजवळ जाऊन त्याचे बोल टिपून घेई. त्यानंतर मंडळे इतकी फोफावली की शोगुनच्या सरकारने मनाई हुकूम काढले, आणि पुन्हा पुन्हा काढावे लागले, यावरूनच ते किती पाळले गेले हे उघड होते. दुसरी मनाई अधिक कडक होती: स्त्रियांना शिखर वर्ज्य. ताकायामा तात्सू हिने १८३२ साली पुरुषवेषात ती मोडली. सरकारने मात्र १८७२ पर्यंत वाट पाहिली.

ओशींचा धंदा शेवटी कोणत्याही हुकुमाने बुडाला नाही. १९६४ साली मोटाररस्ता २,३०५ मीटरांवरील पाचव्या टप्प्यापर्यंत पोचला, आणि चढणारे लोक गावात न उतरता थेट तेथूनच चढू लागले. यामानाका नि कावागुची ही सरोवरे त्यांनाही दिसतात, फक्त पायथ्याच्या पाण्याशी त्यांचा संबंध येत नाही. २०२४ साली यामानाशी प्रांताने त्या वाटेवर फाटक बसवून दोन हजार येन कर आणि दिवसाला चार हजार गिर्यारोहकांची मर्यादा घातली, तेव्हा अनेकांना ती अपूर्व गोष्ट वाटली. तोगावांच्या पूर्वजांना तिच्यातला कर तरी नवा वाटला नसता.