आधी तत्त्वज्ञान, मग कायदा : हरिसिंग गौर यांची वाट

व्याख्यान संपल्यावर आम्हांला एक प्रश्न हमखास येतो, आणि तो बहुतेक वेळा पालकांकडून येतो. मुलीला वकील व्हायचंय, पण बी.ए.ला तत्त्वज्ञान घ्यायचं म्हणते. चालेल का हो? नियमाने चालतं. तीन वर्षांच्या एलएल.बी.ला कुठल्याही शाखेची पदवी चालते. पण पालकांना नियम विचारायचा नसतो. तीन वर्षं वाया तर जाणार नाहीत ना, हे विचारायचं असतं. त्याचं उत्तर आज आपण नागपुरातल्याच एका माणसाच्या आयुष्यात शोधू.

हरिसिंग गौर यांचा जन्म सागरचा, १८७० चा. शिकायला ते नागपूरला हिस्लॉप कॉलेजात आले. हे कॉलेज १८८३ मध्ये सुरू झालेलं, म्हणजे तेव्हा अगदी कोवळं. तिथून १८८९ मध्ये ते केंब्रिजच्या डाउनिंग कॉलेजात गेले. तिथे त्यांनी थेट कायदा घेतला नाही. आधी ‘मॉरल सायन्सेस’ केलं आणि मग १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. ‘मॉरल सायन्सेस’ म्हणजे नीतिपाठ नव्हे. तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, मनाचं शास्त्र आणि अर्थशास्त्र असा तो एकत्र अभ्यास होता. नीतिशास्त्रातले हेन्री सिजविक त्या वेळी केंब्रिजात प्राध्यापक होते. शाळेत आपण ज्यांच्या नावाची वर्तुळं काढतो ते जॉन वेनही तिथलेच.

बॅरिस्टर होऊन ते परतले आणि मध्य प्रांतात, पुढे नागपुरात, वकिली करू लागले. इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. तत्त्वज्ञानामुळे ते मोठे वकील झाले, असं कुणी सिद्ध करू शकणार नाही. तत्त्वज्ञानाचं तोंडही न पाहिलेले उत्तम वकील याच नागपूरने ढिगाने दिलेत. पण गौर यांनी जे प्रश्न हाती घेतले त्यांच्याकडे बघा.

१९०९ मध्ये त्यांचा भारतीय दंड संहितेवरचा ग्रंथ आला. हा कायदा वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, त्याचा सुरुवातीचा मोठा भाग नुसत्या व्याख्यांचा आहे. अप्रामाणिकपणे म्हणजे काय, कपटाने म्हणजे काय. सदोष मनुष्यवध कुठे थांबतो आणि खून कुठे सुरू होतो, हे बऱ्याच अंशी मारणाऱ्याचा उद्देश काय होता आणि त्याला जाणीव कशाची होती यावर ठरतं. एखाद्याच्या गळ्याला फास लागतो की नाही, हे या दोन शब्दांतल्या अंतरावर! आता दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली, पण ते अंतर तिथेही आहेच.

दुसरं उदाहरण आम्हांला जास्त आवडतं. रेजिना गुहा यांनी कायद्याची पदवी घेऊन वकिलीसाठी अर्ज केला. १८७९ च्या वकिलांच्या कायद्यात ‘व्यक्ती’ असा शब्द होता, सर्वनाम मात्र पुल्लिंगी. पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही धराव्यात, असा सर्वसाधारण नियम तेव्हाही होता. फक्त संदर्भ आड येता कामा नये. १९१६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालय म्हणालं, संदर्भ आड येतो. १९२१ मध्ये पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांच्या वाट्याला तेच आलं. म्हणजे स्त्री ही व्यक्ती आहे, पण या कायद्यापुरती नाही. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही यात खोट दिसेल. गौर तेव्हा केंद्रीय विधिमंडळात होते आणि हा प्रश्न लावून धरणाऱ्यांत ते पुढे होते. १९२३ मध्ये कायदा झाला आणि केवळ स्त्री आहे म्हणून वकिली नाकारणं बंद झालं.

त्याच वर्षी त्यांचं दुसरं विधेयकही पास झालं, ते विवाहाचं. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर वधूवरांना जाहीर करावं लागे की आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही... अशी यादीच होती. म्हणजे जातीबाहेर लग्न करू पाहणाऱ्या श्रद्धावान हिंदू जोडप्यापुढे मार्ग दोनच. खोटं बोला, नाहीतर लग्नाचा विचार सोडा. कायद्यानेच खोटं बोलायला लावावं का? १९११ मध्ये भूपेंद्रनाथ बसूंनी प्रयत्न केला होता, तो फसला. गौर यांच्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपला धर्म न नाकारता आपसांत लग्न करता येऊ लागलं.

पण किंमत मोजावी लागली. असं लग्न करणारा एकत्र कुटुंबातून आपोआप वेगळा ठरे आणि त्याला दत्तक घेता येत नसे. उलट त्याच्या बापाला मात्र, जणू पोरगा मेलाच आहे असं धरून, दुसरा मुलगा दत्तक घेता येई. वर्गात युक्तिवाद पूर्ण जिंकता येतो. सभागृहात मतं मोजतात. तत्त्वज्ञान शिकायला निघालेल्यांनी हा फरकही लक्षात ठेवावा, नाहीतर कोर्टात पहिल्याच महिन्यात चिडचिड होते.

गौर पुढे दिल्ली आणि नागपूर अशा दोन्ही विद्यापीठांचे कुलगुरू होते. १९४६ मध्ये स्वतःच्या कमाईतून त्यांनी सागरला विद्यापीठ काढलं, आणि १९४९ मध्ये ते गेले. १९५४ च्या नव्या विशेष विवाह कायद्याने ‘आम्ही अमुक धर्माचे नाही’ ही कटकट सगळ्यांसाठीच संपवली. कुटुंबातून वेगळं पडण्याचं कलम मात्र १९ व्या क्रमांकावर तसंच राहिलं. १९७६ मध्ये दोघेही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर त्यातून सूट मिळाली. जोडीदार या चौघांबाहेरचा असेल, तर एकत्र कुटुंबातल्या हिंदू मुलाला ते कलम आजही लागू आहे.