उंटांवरून आलेले कूटप्रश्न

हिब्रू शास्त्रातल्या राजांच्या पहिल्या पुस्तकाचा दहावा अध्याय शबाच्या राणीपासून सुरू होतो. इस्राएलचा राजा शलमोन याची कीर्ती ऐकून ती कूटप्रश्नांनी त्याची परीक्षा पाहायला यरुशलेमेला आली आणि त्याने तिच्या एकूण एक प्रश्नाचे उत्तर दिले, एवढे सांगून कथाकार मोकळा होतो. प्रश्न कोणते, उत्तरे कोणती, याबद्दल अवाक्षर नाही. तिच्याबरोबर काय काय आले याची मोजदाद मात्र चोख आहे: सुगंधी द्रव्ये लादलेले उंट, रत्ने आणि १२० किक्कार सोने, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे चार टन. शहाणपणाची परीक्षा सांगायला बसलेला लेखक प्रश्न गाळतो आणि वजन लिहून ठेवतो, याला विसरभोळेपणा म्हणता येणार नाही. मला वाटते, ही परीक्षा म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यापाराच्या बोलण्यांना चढवलेला दरबारी पोशाख आहे, आणि कथाकाराच्या पहिल्या वाचकांना ते सांगावे लागत नव्हते.

ही कथा पुस्तकात कुठे बसवली आहे तेही पाहावे. आधीच्या अध्यायात सोरचा राजा हिराम येतो. त्याने शलमोनाला देवदार, सरू आणि सोने पुरवले. बदल्यात गालीलातली वीस गावे मिळाली, ती पाहून तो नाराज झाला. हिरामाने पाठवलेले सोनेही बरोबर १२० किक्कारच आहे. मग एसयोन-गेबेरच्या बंदरातून दोघांची गलबते ओफीरला जातात. (हे ओफीर म्हणजे आपले सोपारे, असे एकोणिसाव्या शतकापासून काही विद्वान सांगत आले. नावातल्या साम्यामुळे मोह पडतो, पण त्यापलीकडे ठोस असे फारसे हाती लागत नाही.) लगेच राणी येते. तिने सोने दिल्यावर आणि शलमोनाने परतीची देणगी देण्याआधी कथाकार मध्येच पुन्हा ओफीरच्या मालाकडे वळतो, जणू एकाच खातेवहीतले पान उलटले आहे. शलमोनाने तिला ‘तिने जे जे मागितले ते’ दिले, म्हणजे तिच्याही मागण्या होत्या. ती परत जाताच वार्षिक सोन्याचा आकडा येतो आणि त्यापाठोपाठ व्यापाऱ्यांकडून व अरबस्तानाच्या राजांकडून येणाऱ्या उत्पन्नाचा उल्लेख.

व्यवहारच होता तर कोडी कशाला, असे कोणी विचारेल. कूटप्रश्नासाठी हिब्रूत ‘हिदा’ हा शब्द आहे. त्याच शास्त्रातल्या शमशोनाने लग्नाच्या मेजवानीत पलिष्ट्यांना हिदा घातली तेव्हा तीस तागाची वस्त्रे आणि तीस पोशाख पणाला लागले होते; कोडे आणि देणे तिथे एकाच वाक्यात येतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस जुन्या लेखकांच्या आधाराने सांगतो की शलमोन आणि हिराम एकमेकांना कोडी पाठवत आणि ज्याला उत्तर येणार नाही त्याने रक्कम भरायची, अशी अट असे. हिराम बरीच रक्कम हरला, मग सोरच्याच अब्देमोन नावाच्या माणसाने कोडी सोडवली आणि पैसा उलट वाहू लागला. ही कथा खरी असो वा नसो, शलमोनाशी मालाचा व्यवहार करणारा राजा त्याच्याशी कोड्यांचाही व्यवहार करतो, ही जोडी जुन्या लोकांना स्वाभाविक वाटत होती. मराठीत ‘कसोटी’ हा शब्द मुळात सोने घासून पाहण्याच्या काळ्या दगडाचा. समोरचा राजा खरा आहे का, त्याच्या शब्दावर कारवान पाठवता येईल का, हेही असेच घासून पाहावे लागते.

अधिक वजनदार आक्षेप इतिहासाचा आहे. शलमोनाचा काळ इसवी सनापूर्वीच्या दहाव्या शतकातला मानतात. शबा म्हणजेच यमनमधल्या सबा राज्याचा भक्कम पुरावा त्यानंतरचा आहे आणि सबाच्या शिलालेखांत राज्य करताना दिसतात ते पुरुष. आक्षेप मान्य करावाच लागतो. पण त्याने माझे म्हणणे पडत नाही, उलट बळकट होते. अरावाच्या खोऱ्यातल्या तांब्याच्या जुन्या भट्ट्यांपाशी पाळीव उंटांची हाडे मिळू लागतात ती दहाव्या शतकाच्या अखेरीला. आठव्या शतकात अश्शूरचे राजे झबीबे आणि सम्सी या अरब राण्यांकडून खंडणी घेतल्याचे लिहितात, आणि इसवी सनापूर्वी ७१५च्या सुमारास दुसरा सार्गोन सम्सीच्या शेजारीच सबाच्या इथअमराचे नाव घेतो. म्हणजे आठव्या-सातव्या शतकातल्या यहुदी लेखकाला राज्य करणारी अरब स्त्री आणि सबाचा माल या दोन्ही गोष्टी ऐकून ठाऊक होत्या. माल तर त्याच्या नाकापर्यंत येत होता. नेगेव वाळवंटाच्या काठावर अराद इथल्या लहानशा देवळात चुनखडीच्या दोन वेद्या सापडल्या. मोठ्या वेदीवर चिकटून राहिलेल्या काळ्या थराची २०२० साली तपासणी झाली, तेव्हा त्यात ऊद, म्हणजे दक्षिण अरबस्तानातल्या झाडाचा डिंक, जनावराच्या चरबीत मिसळलेला निघाला. साल चिरायची, पांढरा चीक थेंबाथेंबाने वाळू द्यायचा, खरवडून पोत्यांत भरायचा आणि दोन हजारांहून अधिक किलोमीटर उंटावरून न्यायचा: त्या थरात हा सगळा प्रवास आहे. आपल्या काळातला व्यापार लेखकाने जुन्या वैभवशाली राजाच्या अंगणात नेऊन ठेवला, असे मानायला मला अडचण दिसत नाही.

कोणी म्हणेल, कथेचा हेतू देवाने दिलेल्या ज्ञानाची थोरवी गाणे हा आहे, त्यात बाजार कशाला शोधायचा? पण गिबोन इथे पडलेल्या स्वप्नात देवाने शलमोनाला ज्ञानाबरोबर न मागितलेली संपत्तीही दिली होती. ग्रंथकाराने या दोन गोष्टी कधी वेगळ्या ठेवल्याच नाहीत. राणी थक्क होते ती कशाने? शलमोनाचे ज्ञान पाहून, हे खरेच. पण त्याच यादीत त्याने बांधलेले घर, पानातले पदार्थ, दरबाऱ्यांची बसण्याची व्यवस्था, वाढप्यांची तत्परता आणि त्यांचे कपडे, प्याले भरणारे सेवक हेही आहे. ही नजर तत्त्वचिंतकाची नाही, पुढच्या हंगामाचा माल उधारीवर द्यावा की नाही हे ठरवणाऱ्याची आहे.

मग कोड्यांचे काय झाले? व्यापाराचा संदर्भ विरला तशी ती रिकामी जागा भरली जाऊ लागली. नीतिसूत्रांवरच्या मिद्राशात, म्हणजे यहुदी भाष्यग्रंथात, राणी सारख्या उंचीची, सारख्या कपड्यांतली मुले-मुली उभी करते, आणि शलमोन भाजलेले दाणे व आक्रोड वाटून ते वेचण्याच्या तऱ्हेवरून त्यांना ओळखतो. एस्तेरच्या पुस्तकाच्या दुसऱ्या तर्गुममधल्या, म्हणजे अरामी अनुवादातल्या, एका कोड्याचे उत्तर सुरम्याची नळी असे आहे. पंधराव्या शतकातल्या यमनी यहुद्यांच्या एका संग्रहात कोडी एकोणीसवर पोहोचली. कुराणाच्या सत्ताविसाव्या सुरेत तर पारडेच फिरले आहे. तिथे राणी भेट पाठवते आणि सुलैमान, म्हणजे शलमोन, ती परत पाठवतो. मला संपत्तीने मदत करता का, असे दूतांना विचारतो. देवघेव नाकारली गेली तशी परीक्षा घेण्याचा अधिकारही तिच्या हातून गेला. आता तिचेच सिंहासन रूप बदलून तिच्यापुढे मांडले जाते, ओळखते का ते पाहायला. आणि महालातली काचेची फरशी पाणी समजून ती वस्त्र वर उचलते.