प्रमाणपत्रावरील नांव

मनुष्याचें बारसें दोनदां होतें: एकदां पाळण्यांत, दुसऱ्यांदा शाळेच्या पटावर. पहिलें आप्तजन करतात. दुसरें कारकुनाच्या टांकानें होतें, आणि तेंच नांव परीक्षेच्या प्रमाणपत्रावर उमटून जन्मभर सोबत राहतें. ज्याचें नांव, त्याला मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं.

महाराष्ट्रांत याचीं दोन ठळक उदाहरणें आहेत. कल्याणची यमुना विवाहानंतर आनंदी झाली. १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी तिनें घेतली, ती आनंदीबाई जोशी या नांवानें. माहेरचें नांव तेथवर पोंचलेंच नाहीं. पुढें ७ नोव्हेंबर १९०० रोजीं साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर एका मुलाची नोंद ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी झाली. घराण्याचें आडनांव सकपाळ, मूळ गांव आंबडवे. पटावर पडलें तें आंबेडकर, आणि तेंच पुढें कोलंबिया विद्यापीठापर्यंत गेलें. दोन्ही नांवें थोर झालीं. परंतु निवड दुसऱ्यांची होती.

परीक्षामंडळांची सावधगिरी निराधार नव्हे. प्रमाणपत्र हा पुरावा आहे. नांवें वाटेल तेव्हां बदलूं लागलीं, तर एकाची विद्या दुसरा मिरवील. म्हणून केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें अशा बदलांवर कडक निर्बंध घातले. परंतु ज्याला पटावरचें नांव परकें झालें, त्याला नोकरीच्या प्रत्येक दारीं तेंच दाखवावें लागे. तृतीयपंथी विद्यार्थ्यांस तर तें आपलें गुपित उघडें करण्यासारखेंच होई.

१५ एप्रिल २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तृतीयपंथी व्यक्तींचा आपली लिंगओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार मान्य केला. २०१९ च्या कायद्यानें, ओळखीचें प्रमाणपत्र मिळालेल्यांस, अधिकृत कागदपत्रांतील आपलें नांव बदलण्याची मुभा दिली. ३ जून २०२१ रोजीं त्याच न्यायालयानें केंद्रीय मंडळाच्या खटल्यांत ठरविलें कीं, नांव हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असून स्वेच्छेनें केलेला बदल सरसकट नाकारतां येणार नाहीं. मात्र जुनें प्रमाणपत्र परत करावें, राजपत्रांत प्रसिद्धि द्यावी आणि नव्या प्रमाणपत्रावर सामान्यतः जुन्या नांवाचाहि उल्लेख राहावा.

खरा तिढा या शेवटच्या अटींत आहे. मंडळाच्या दृष्टीनें जुनें नांव ही पुराव्याची सांखळी. ज्यानें तें टाकलें त्याला तीच बेडी वाटते. आपला पूर्वेतिहास विस्मृतींत जावा असा हक्क सांगणाऱ्यास न्यायालयानें या अटींतून सूट ठेविली आहे. पटावरची पहिली नोंद वडीलधाऱ्यांनींच करावी हें योग्य, कारण मूल तेव्हां अजाण असतें. तें जाणतें झाल्यावर त्याचेंहि ऐकावें, एवढी वाट आतां कायद्यानें मोकळी केली आहे.