दारावरचा पहारा

निजामी राजवटीच्या अखेरीस, 1947-48 साली, नांदेड-लातूरकडील पुष्कळ मुलांनी रझाकारांची जाळपोळ प्रत्यक्ष पाहिली. पुढील पिढ्यांना ती कथा आजीच्या तोंडून कळली. काय सांगावे नि काय गाळावे, हे आजीच ठरवी.

चित्रपटासही असाच पहारा होता. 1952 च्या कायद्याप्रमाणे केवळ प्रौढांसाठी असलेल्या चित्रपटास निराळे प्रमाणपत्र मिळे, व थिएटरच्या दारावरील माणसास मूल अडविता येई. तो अडवीच, असे मात्र नाही!

1991 नंतर उपग्रहवाहिन्या केबलच्या तारेने घरात शिरल्या. त्या दारावर कोणीच नव्हते. मुले अधिक संख्येने पाहत असतात त्या वेळी त्यांना अयोग्य कार्यक्रम दाखवू नयेत, असे 1994 च्या केबल-नियमांत होते. तथापि तारेवर पहारा कोण करणार? मुंबईच्या प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2005 च्या अखेरीस प्रौढांचे चित्रपट वाहिन्यांवर दाखविण्यास मनाई केली. ती नांदेड-लातुरासही लागू झाली.

परंतु मालिका व वृत्ते यांना तसे प्रमाणपत्र लागतच नाही. रात्री जेवताना पडद्यावर रक्तपात येतो, तेव्हा आजीही नातवाशेजारी बसून तेच पाहत असते.