पानांच्या पाकिटात नोंदीचा कागद

संगणकावर साठवलेल्या कॉमिकच्या फाइलला शेवटी बहुधा ‘सीबीझेड’ अशी अक्षरं असतात. ती पुसून तिथे ‘झिप’ लिहिलं, तर तीच फाइल साध्या झिपसारखी उघडते आणि आत चित्रांची रांग दिसते. प्रत्येक चित्र म्हणजे एक पान. कॉमिकसाठी मुद्दाम घडवलेलं असं त्यात काहीच नाही. जगभरच्या संग्राहकांनी ज्या रचनेवर आपले हजारो अंक सोपवले आहेत, ती मुळात दुसऱ्याच कामासाठी तयार झाली होती.

ते काम होतं टेलिफोनच्या तारेवरून फाइली पाठवण्याचं. १९८०च्या दशकात मोडेम मंद होते आणि जोडणीचं प्रत्येक मिनिट मोजलं जाई. त्यामुळे अनेक फाइली दाबून एकाच पाकिटात बसवणाऱ्या प्रोग्रॅमना मोठी मागणी होती. मिलवॉकीच्या फिल कात्झ यांनी असा एक वेगवान प्रोग्रॅम लिहिला, पण तो ज्या आधीच्या प्रोग्रॅमशी मिळताजुळता होता त्याच्या मालकांनी १९८८ मध्ये त्यांना कोर्टात खेचलं. प्रकरण तडजोडीनं मिटलं. कात्झ यांनी मग नवी रचना आखली, ती म्हणजे झिप, आणि १९८९ मध्ये तिचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. कुणीही तो वाचावा आणि आपला प्रोग्रॅम लिहावा, अशी मुभा दिली. २००० साली, अवघ्या ३७व्या वर्षी कात्झ गेले. कॉमिक्सच्या इतिहासात त्यांचं नाव क्वचितच येतं. मला मात्र ते यायलाच हवं असं वाटतं, कारण त्या खुलेपणावाचून पुढचं बरंच काही घडलं नसतं.

१९९३ मध्ये रशियात यूजीन रोशाल यांनी ‘रार’ आणलं. ते जास्त घट्ट दाबायचं आणि मोठ्या फाइलचे तुकडे करून पाठवायची उत्तम सोय त्यात होती. उघडायला ते मोकळं होतं, बनवायला मात्र रोशाल यांचाच प्रोग्रॅम लागे. कागदी अंक स्कॅन करून इंटरनेटवर एकमेकांना देणाऱ्यांनी याच रारची सवय लावून घेतली. त्यातला मोठा भाग परवानगीवाचून चाललेला होता, हे या इतिहासातून वगळता येणार नाही. प्रकाशकांनी डिजिटल अंकांचा नीट विचार करण्याआधी वाचकांनीच ते बनवायला घेतले होते.

मग डेव्हिड एटन यांचा ‘सीडिस्प्ले’ आला. विंडोजवर चालणारा हा छोटा वाचक-प्रोग्रॅम पाकीट न सोडताच आतली पानं क्रमानं पडदाभर दाखवायचा. फाइलवर टिचकी मारल्यावर ती दाबणाऱ्या प्रोग्रॅमकडे न जाता थेट वाचकाकडे जावी, यासाठी शेपटीची अक्षरं बदलली गेली. रारचं सीबीआर झालं आणि झिपचं सीबीझेड. एवढ्या बदलानं चित्रांच्या गठ्ठ्याचा अंक झाला.

यात एक अडचण राहिली, ती आजही नवख्याला छळते. पानांचा क्रम ठरतो फाइलींच्या नावांवरून. नावं १, २, ३ अशी ठेवली तर अनेक प्रोग्रॅम १ नंतर १० दाखवतात आणि मग २, कारण ते आकडा न बघता अक्षरं बघतात. रहस्यकथेत दहावं पान दुसऱ्या पानाआधी आलं तर गोष्टच संपली. म्हणून ००१, ००२ अशी शून्यं लावायची शिस्त रुळली.

पण पानं क्रमानं लागली, तरी हा अंक कोणता, कधीचा, कुणी लिहिला आणि कुणी काढला, हे त्या चित्रांच्या रांगेला ठाऊक नसतं. ही माहिती वेगळ्या वाटेनं आली आणि ती वाट पाकिटापेक्षा बरीच जुनी आहे.

१९४०च्या दशकातल्या बहुतेक अमेरिकी कॉमिक्सवर चित्रकारांची नावंच नसत. डेट्रॉइटमधले प्राध्यापक जेरी बेल्स यांनी १९६१ मध्ये ‘ऑल्टर इगो’ हे चाहत्यांचं नियतकालिक सुरू केलं. पुढे हेम्स वेअर यांच्यासोबत त्यांनी १९७३ ते १९७६ या काळात अमेरिकी कॉमिक्समधल्या लेखक-चित्रकारांचा चार खंडांचा कोश काढला. रेषेच्या वळणावरून, चेहरा काढायच्या लकबीवरून निनावी पान कुणाचं हे ओळखणारी ही माणसं होती. १९७८ पासून सूचीकारांचा एक गट आपापल्या याद्या टपालानं एकमेकांना पाठवू लागला. त्याच परंपरेतून १९९४ मध्ये ‘ग्रँड कॉमिक्स डेटाबेस’ उभा राहिला. तो आजही स्वयंसेवकांच्या श्रमावर चालतो. पैशाविना केलेल्या अशा कामाबद्दल मला अतोनात आदर वाटतो.

तरीही यादी एकीकडे आणि अंक दुसरीकडे, अशीच स्थिती होती. कपाटातल्या अंकांची वही वेगळी असणं स्वाभाविकच होतं. संगणकावरही सुरुवातीला तेच झालं. संग्रह सांभाळणारे प्रोग्रॅम सगळी माहिती स्वतःच्या कोठारात ठेवत, त्यामुळे प्रोग्रॅम बंद पडला की वर्षांची मेहनत त्याच्याबरोबर जायची.

‘कॉमिकरॅक’ या प्रोग्रॅमनं हे बदललं. मालिका, अंकक्रमांक, महिना, लेखक, पेन्सिलकार, शाईकार, भाषा या साऱ्या नोंदी ‘कॉमिकइन्फो’ नावाच्या छोट्याशा मजकूर-फाइलमध्ये लिहून ती पानांच्याच पाकिटात टाकायची सोय त्यानं केली. माझ्या मते या साऱ्या प्रवासातली सर्वांत मोठी गोष्ट हीच. पुढे कॉमिकरॅकचं मूळ काम थांबलं, तरी त्यानं आत ठेवलेल्या नोंदी ‘कोमगा’ आणि ‘कविता’ हे नंतरचे प्रोग्रॅम आजही वाचतात. रारमध्ये असं काही लिहायचं तर पुन्हा रोशाल यांचाच प्रोग्रॅम हवा. झिपला तशी अट नाही. शिवाय स्कॅन केलेली चित्रं आधीच दाबलेली असल्यानं रारनं जागाही फारशी वाचत नाही. म्हणून संग्रह लावायला बसलेली माणसं आधी सीबीआरचं सीबीझेड करून घेतात. चित्रं जशीच्या तशी राहतात, बदलतं फक्त पाकीट.

नोंद भरतानाही विचार लागतो. ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकावर जून १९३८ छापलं आहे, पण तो विक्रीला आला एप्रिलमध्येच, कारण अंक शिळा वाटू नये म्हणून पुढचा महिना छापायची रीत होती. २०११ मध्ये प्रकाशक डीसीनं ही मालिका पुन्हा १ पासून सुरू केली, २०१६ मध्ये जुन्या गणनेवर जाऊन ९५७वा अंक काढला आणि २०१८ मध्ये १०००वा. म्हणजे ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स १’ एवढ्यानं अंक ठरत नाही. मालिका सुरू झाल्याचं वर्ष सोबत हवंच.

विकत घेतलेल्या डिजिटल अंकांची कथा निराळी आहे. २००७ मध्ये सुरू झालेली ‘कॉमिक्सॉलॉजी’ ही डिजिटल कॉमिक्स विकणारी सेवा अ‍ॅमेझॉननं २०१४ मध्ये घेतली. त्याच वर्षी इमेज, टॉप शेल्फ अशा काही प्रकाशकांचे अंक कुलुपाशिवाय, सीबीझेड किंवा पीडीएफ रूपात उतरवून घेता येऊ लागले. २०२२ मध्ये ही सेवा किंडलमध्ये विलीन झाली आणि २०२३ अखेरीस तिचं स्वतंत्र अ‍ॅपही बंद झालं. ज्यांनी आपल्या फाइली वेळीच उतरवून ठेवल्या, त्यांनी लावलेला क्रम शाबूत राहिला. बाकीच्यांचे अंक किंडलवरच्या पुस्तकांच्या गर्दीत मिसळले.

आपल्याकडे या साऱ्याची खरी कसोटी लागते ती इंद्रजाल कॉमिक्समध्ये. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी मार्च १९६४ मध्ये सुरू केलेली ही मालिका १९९० पर्यंत चालली. इंग्रजी, हिंदी, मराठी, बंगाली अशा अनेक भाषांत ती निघाली. ली फॉक यांचा वेताळ आणि मँड्रेक इथे वृत्तपत्रातल्या पट्ट्यांवरून पुस्तकाच्या पानात बसवले जात, त्यासाठी कथा कापल्या जात, आणि वेताळाच्या देशाचं ‘बंगाला’ हे नाव बदलून ‘देंकाली’ केलं गेलं. डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर आला, तो मात्र इथलाच. सुरुवातीच्या अंकांवर सलग क्रमांक आहेत, नंतरच्यांवर खंड आणि अंक. एकाच कथेची मराठी आणि इंग्रजी प्रत शेजारी ठेवायची तर भाषेच्या रकान्यात ‘एमआर’ हा मराठीचा संकेत भरावाच लागतो, नाहीतर प्रोग्रॅमला त्या दोन प्रती सारख्याच वाटतात. खंड-अंक आणि सलग क्रमांक दोन्ही लिहावेत. कथा मूळ कोणत्या पट्टीतली, हे कळलं तर टिपणाच्या रकान्यात घालावं. मूळ कथेतल्या कोणत्या चौकटी मराठी प्रतीत गळल्या, हे परदेशातल्या सूचीत शोधून सापडण्याची आशा कमी. ज्याच्या घरी तो अंक आहे त्यानंच एका बाजूला मूळ पट्टी आणि दुसऱ्या बाजूला आपला अंक ठेवून, चौकट चौकट ताडून ते लिहायला हवं.